पास्कोबाईची साक्ष

आमच्या चिनी रीतीप्रमाणे आईनं माझे पाय वाढू नयेत म्हणून बांधायला घेतले तेव्हा मी सहा वर्षांची होते. दोन वर्षांनी भातलावणीला माणसं कमी पडली, तशी तिनं पट्ट्या सोडल्या आणि मला चिखलात उतरवलं. त्यामुळे माझे पाय ना धड मोठ्या घरच्या बायकांसारखे इवलेसे, ना धड शेतकरणीसारखे पसरट. अंगठा सरळ आणि बाकीची बोटं आत वळलेली. असल्या पायांच्या जोरावर मी तेरा वर्षं खानदानी बाई म्हणून मिरवले, हे सांगताना आता माझं मलाच हसू येतं.

मिरवायची जागाही काय, तर ड्राय फोर्क. नेवाडाच्या उघड्याबोडक्या डोंगरातलं चांदीच्या खाणीचं गाव. एक मोठा रस्ता आणि त्याच्या पाठीमागे आमची गल्ली. गल्लीत चाळीसेक पुरुष आणि लग्नाची बायको म्हणावी अशी मी एकटी. अठराव्या वर्षी जहाजातून उतरले, दोन दिवस रेल्वेत आणि दोन दिवस घोडागाडीत ओकत ओकत तिथं पोचले. बघते तर ज्याला मध्यस्थानं व्यापारी म्हणून सांगितलं होतं तो माझा नवरा, सेटो वासूंग, बाह्या सारून साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभा.

"तुम्ही व्यापारी ना?" मी विचारलं. नव्या नवरीनं विचारायचा हा पहिला प्रश्न.

"मी लाँड्री म्हणून लिहिलं होतं," आमचे हे म्हणाले. "चांगलं स्पष्ट लिहिलं होतं."

पत्र लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं होतं. आमच्या गावी वाचणाऱ्यानं ते 'कपड्यांचा मोठा व्यवहार आहे' असं वाचलं. खोटं म्हणता येत नाही. व्यवहार कपड्यांचाच होता.

मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं: नवरा व्यापारी नसला तर नसो, मी व्यापाऱ्याची बायको व्हायचं. व्यापाऱ्याची बायको उंबरठा ओलांडत नाही, परक्या पुरुषाच्या नजरेस पडत नाही, कामाला हात लावत नाही. पहिल्या दोन गोष्टी मी काटेकोर पाळल्या. तिसरी जमेना, कारण शर्टांचे ढीग पडायचे आणि आमचे हे एकटे. मग मी पहाटे चारला उठून मागच्या खोलीत इस्त्री करायची. कॉलर आणि कफ माझ्याकडे, कारण ह्यांच्या हातून कॉलरला पोक यायचं. पुढे गिऱ्हाइकांसमोर आणि गल्लीतल्या लोकांसमोर ह्यांनी म्हणायचं, "घरातली माणसं कामाला हात लावत नाहीत." हे बिचारे म्हणायचे. माझ्या आईला जाणाऱ्या पत्रांतही तसंच जायचं.

गल्लीत कुणाचा विश्वास बसला होता की नाही देव जाणे. मॉय काका, म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, मला फार अदबीनं 'वहिनी' म्हणायचे आणि दर खेपेला तांदळाच्या पोत्याबरोबर भाजलेल्या हातावर लावायचं मलम पाठवायचे. मी मागवलेलं नसताना.

मागच्या खोलीच्या खिडकीला मी पडदा लावला नव्हता. ती खिडकी कुंपणापलीकडे पास्कोबाईच्या अंगणावर उघडायची, आणि पास्कोबाईला मी माणसांत धरतच नव्हते.

पास्कोबाई म्हणजे कॉर्नवॉलकडच्या एका खाणकामगाराची विधवा. हाडापेरानं मोठी, लालबुंद तोंडाची, कमरेवर हात ठेवूनच जन्मलेली. नवरा खाणीत दगडाखाली गेला तेव्हापासून तीही लोकांचे कपडे धुवायची, म्हणजे आमच्या पोटावर पाय द्यायची. ती म्हणायची, आम्ही तिच्या पोटावर पाय देतो. शिवाय तिला एक बकरी होती. ती कुंपणातून मान घालून माझी मोहरीची भाजी खायची. माझं धुण्याचं पाणी उतारानं तिच्या सलगमच्या वाफ्यात जायचं. ते उतारानं जायचं असं मी म्हणते. बादली मी कोणत्या दिशेनं रिकामी करायचे ते सांगत नाही.

रोज सकाळी आमचं भांडण व्हायचं. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण मुद्दा कधी चुकला नाही. व्यापाऱ्याची बायको हळू बोलते, ओठ न विलगता. कुंपणाशी मात्र माझा आवाज खाणीच्या भोंग्याला मागे टाकायचा. ते मी मोजत नव्हते. पलीकडे माणूस नव्हतंच ना!

मग कायदा आला: आमच्यातल्या प्रत्येकानं सरकारात नाव नोंदवायचं.

आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या मंडळींनी कळवलं होतं, नावं नोंदवू नका, आपण कुत्री नाही गळ्यात बिल्ले घालायला. आम्ही नोंदवली नाहीत. मग वरच्या कोर्टात मंडळी हरली, आणि १८९४च्या वसंतात मॉय काका दुकान बंद करून आमच्याकडे आले.

"सरकारी साहेब तीन दिवस येतोय," ते म्हणाले. "फोटो लागणार. आणि आपल्यातला नसलेला एक साक्षीदार. हा माणूस कायद्याआधीपासून इथं राहतो असं त्यानं शपथेवर सांगायचं. कागद नसेल त्याला धरून जहाजात घालणार."

आमच्या ह्यांची साक्ष द्यायला डॉक्टर तयार झाले. बारा वर्षं त्यांचे शर्ट आमच्याकडे. हे म्हणाले, "आणि बायकोचीही द्याल का?"

डॉक्टर म्हणाले, "वासूंग, तुला बायको आहे?"

चांगला माणूस, पण न पाहिलेल्या बाईची शपथ कशी घेणार?

मॉय काकांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला पाहिलेला एक तरी गोरा माणूस सांगा."

"एकही नाही," मी म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले. तेरा वर्षांची कमाई होती ती माझी. काकांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी जमिनीकडे, आणि मी काय बोलून बसले ते हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं. मी इतकी घरंदाज निघाले होते की सरकारच्या लेखी मी जन्मालाच आले नव्हते.

गल्लीच्या टोकाला एक घर होतं. तिथं तीन बायका राहायच्या. त्या कशासाठी राहायच्या ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यातली आयुक नावाची मुलगी पहिली काही वर्षं आमच्या दारावरून जाताना मला हाक मारायची. मी कधी ओ दिली नाही. त्या आयुकला दुपारपर्यंत तीन साक्षीदार मिळाले होते, म्हणे.

"पास्कोबाई आहे ना," हे म्हणाले.

"जहाजात बसेन, पण तिच्या पाया पडणार नाही!"

"तू नको पडूस. मी जातो."

हे गेले. मी खिडकीआड उभी. पास्कोबाईनं दार उघडलं, ह्यांनी हातवारे केले, दार धाडकन लागलं. हे तिथंच उभे राहिले. जरा वेळानं दार परत उघडलं.

"काय म्हणाली?" हे आल्यावर मी विचारलं.

"म्हणाली, किती वाजता?"

मी म्हणाले, "अहो, ही कशाला आपल्या बाजूनं बोलेल? आपण गेलो तर गावचं सगळं धुणं तिच्या टबात. उभी राहील आणि सांगेल, हिला कधी पाहिली नाही. संपलं."

"सांगेलही," हे म्हणाले. हे असेच. धीर द्यायचा तेव्हाही खरं बोलणार.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? आपला रोजचा निळा सदरा धुऊन घातला असता. मी ठरवलं, तेरा वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत जायचं ते थाटात. पण रेशीम होतं कुणाकडे? अख्ख्या गल्लीत एकीकडेच. संध्याकाळी डोक्यावरून चादर घेऊन मी त्या टोकाच्या घराच्या मागच्या दाराशी गेले.

"आज कशी वाट चुकली, वहिनी?" आयुक म्हणाली.

मी खाली बघून सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. आत जाऊन गुलाबी रेशमी अंगरखा घेऊन आली. बाहीवर फुलपाखरं भरलेली.

"घ्या. पण ऐका माझं, तोंडाला पावडर फासू नका."

मी घरी जाऊन पावडर फासली.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तोंड दिसू नये म्हणून मी कपडे पोचवायच्या गाडीत बसले, गाठोड्यांच्या मधोमध, वरून पलंगपोस. ऑफिस तीनशे पावलांवर होतं. फोटोवाल्यानं माझे कान दिसावेत म्हणून डोकं इकडून तिकडून फिरवलं, आणि मी मोठ्या घरच्या बाईसारखी शून्यात बघत बसले.

मग साहेबाची खोली. भिंतीला लागून आपली माणसं रांगेत, दाराशी शेरीफचा एक माणूस. मी बारीक बारीक पावलं टाकत आत गेले, आणि रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. शेरीफचा माणूस पुढे झुकला आणि म्हणाला, "हा अंगरखा मी ओळखतो." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि छताचे खिळे मोजू लागला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. साहेबानं लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघितलं.

मॉय काका दुभाषे होते. त्यांनी माझ्या कानाशी हळूच म्हटलं, "वहिनी, साहेबाला वाटतंय तुम्ही त्या टोकाच्या घरातल्या."

तेवढ्यात पास्कोबाई आली. काळा झगा, काळी टोपी, हातात बायबल. तिच्या पंथात शपथ म्हणजे चेष्टा नाही, हे मला नंतर कळलं. साहेबानं विचारलं, "ही तुमची शेजारीण?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. फुलपाखरं पाहिली. पावडर पाहिली. आणि मान हलवली.

"नाही," काकांनी भाषांतर केलं. "म्हणते, ही ती नव्हे. माझी शेजारीण निळं घालते, कोपरावर ठिगळ आहे. ती काळीसावळी आहे आणि तोंडाळ. ही बाहुली मी कधी पाहिलेली नाही."

आमचे हे पुढे झाले, काहीतरी बोलू लागले. साहेबानं हात करून गप्प केलं. मी मात्र हे काही ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात एकच: केलंन! मी म्हटलं तेच केलंन! आणि मग तेरा वर्षांचं खानदान एका श्वासात गेलं.

"अगं ए टवळे!" मी ओरडले. "ओळखत नाहीस? माझी अर्धी बाग तुझ्या त्या मुडद्या बकरीच्या पोटात गेली, तेव्हा बरी ओळखत होतीस! कुंपणाची फळी कुणी काढली? मी काढली? उभी राहते काळी टोपी घालून! ये घरी, दोन बादल्या ओतते तुझ्या सलगमवर, बघ ओतते की नाही!"

खिडकीच्या काचा वाजल्या असतील. शेरीफचा माणूस दारातून एक पाऊल मागे सरला. रांगेतली आपली चाळीस माणसं, ज्यांच्यासमोर मी तेरा वर्षं ओठ मिटून होते, त्यांची तोंडं उघडीच राहिली.

पास्कोबाईचा चेहरा एकदम उजळला. तिनं टेबलावर थाप मारली.

"हीच ती!" काका सांगू लागले, आता भराभरा. "म्हणते, हा आवाज मी कबरीतूनसुद्धा ओळखेन. रोज सकाळी ऐकते, पाऊस नाही, बर्फ नाही, रविवारसुद्धा नाही सोडत. सन एक्क्याऐंशीच्या शरदात आली, माझा नवरा गेला त्याच महिन्यात. लिहून घ्या. आणि हेही लिहा म्हणते, की ही मुद्दाम माझ्या वाफ्यात पाणी ओतते."

"त्याची गरज नाही," साहेब म्हणाला.

"म्हणते, मी पूर्ण सत्य सांगायची शपथ घेतली आहे. लिहा."

साहेबानं काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग नाव, वय, उंची. हनुवटीवरचा व्रण. आणि धंदा?

आमच्या ह्यांनी सवयीनं सांगितलं, "धंदा काही नाही. घरातली माणसं कामाला हात लावत नाहीत."

पास्कोबाईनं नाकातून आवाज काढला. काका अडखळले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते... खोटं आहे. ही पहाटे चारपासून इस्त्री करते, मला खिडकीतून दिसते. या गावात हिच्यासारखी कॉलर कुणाला येत नाही. मलाही नाही. लिहा, म्हणते."

साहेबानं लिहिलं: धोबीण.

तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. वर फोटो: गुलाबी अंगरखा, फोटोत तो करडा दिसतो, पिठाच्या लाडूसारखं तोंड आणि शून्यात नजर. खाली सरकारी शिक्क्यानिशी, धोबीण. दोन्ही गोष्टी एका कागदावर बसवायला मला सोडून दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

ह्यांचा नंबर रांगेत शेवटी होता आणि गाडीवाला गाठोडी पोचवायला निघून गेला होता. मी एकटी बाहेर आले, आणि लक्षात आलं की मला घरचा रस्ता माहीत नाही. रस्ते गावात दोनच. पण येताना मी पलंगपोसाखाली होते. पास्कोबाई डावीकडे निघाली, म्हणून मीही दहा पावलं मागे ठेवून डावीकडे निघाले. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. पण एवढी धिप्पाड बाई, आणि माझ्या पायांनी मला ती सापडत राहिली, म्हणजे बघा ती किती हळू चालत असेल.

अंगरखा मी धुऊन, इस्त्री करून परत केला. आयुकनं बाहीला आलेली धार बोटानं चाचपली. "इतकी चांगली इस्त्री याला कधी झाली नव्हती," ती म्हणाली. मला तिला आत बोलवायचं होतं, चहा विचारायचा होता. गल्लीत लोक होते. मी "बरं, येते" म्हणाले आणि आले. पुढच्या हिवाळ्यात ते घर बंद झालं. बायकांना कुठं नेलं कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. या गोष्टीत हसण्यासारखं मला आजवर काही सापडलेलं नाही.

पास्कोबाईचं आणि माझं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी झालं. फरक एवढाच, की आता ती काय म्हणते याचा मला अंदाज होता आणि मी जरा लाजत लाजत ओरडत होते. पुढे चांदीचा भाव आणखी पडला, खाणी मिटल्या, गाव ओसरलं. दोघींना पुरेल इतकं धुणं उरलं नाही. एका सकाळी तिनं आपल्याकडच्या कॉलरींची टोपली कुंपणावरून माझ्याकडे ठेवली आणि आमच्याकडच्या चादरींकडे बोट दाखवलं. आमच्या ह्यांना चादरी पिळताना दम लागायला लागला होता. ते तिनंही पाहिलं असणार, खिडकी होतीच. पाच वर्षं असं चाललं. मग तिची बहीण तिला मिशिगनला घेऊन गेली, आणि आम्ही रेल्वेच्या गावी नवं दुकान मांडलं.

तिथं मला लपून बसायला मागची खोलीच नव्हती. एकच खोली, रस्त्यावर मोठी काच, आणि काचेत मी. पहिल्या महिन्यात पोरं बघायला जमायची. नंतर त्यांनाही कंटाळा आला.

१९०३ च्या फेब्रुवारीत आमचे हे गेले. छातीनं नेलं. मॉय काका तोवर त्याच गावी येऊन राहिले होते. क्रियाकर्म झाल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, आता मायदेशी परत जाणार का? मंडळी सोय करतील."

"शनिवारचे शर्ट द्यायचे आहेत," मी म्हणाले.

काकांना वाटलं मी डोक्यानं ठिकाणावर नाही. पण मला खरोखरच दुसरं काही सुचत नव्हतं. चाळीस शर्ट होते. मी ते केले, आणि इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं: एक शर्ट पाठीवर जळला, इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. नेमका बँकेतल्या कारकुनाचा, जो बटणंसुद्धा मोजून घ्यायचा.

तो आला, त्यानं शर्ट उलगडला, डाग पाहिला आणि बोलायला तोंड उघडलं. आणि मी रडायला लागले. क्रियेच्या दिवशी रडले नव्हते. इथं त्या मोठ्या काचेत, भर रस्त्यासमोर, हुंदके देऊन रडले. तो बिचारा गोरामोरा झाला. "असू दे, असू दे, जुना शर्ट आहे," असं काहीसं म्हणू लागला. त्याला वाटलं मी शर्टासाठी रडते. मला ते समजावून सांगण्याइतकी त्याची भाषा येत नव्हती. येत असती तरी मी सांगितलं असतं असं नाही. मी डोळे पुसले, जळका शर्ट बाजूला ठेवला, आणि त्याचे बाकीचे सहा त्याच्यासमोर एकेक उलगडून दाखवले. त्यानं निमूटपणे सगळ्यांच्या कॉलरी बघितल्या.